नाव तात्पुरते, काम कायमचे

कुठे बॉम्बस्फोट झाला किंवा सीमेवर युद्ध पेटले, की आपल्या घरांत दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. टीव्हीवरची प्रेते पाहून जीव हळहळतो आणि लगेच मनात दुआ येते, 'या अल्लाह, करणारा आपल्या नावाचा नसू दे.' ही दुसरी गोष्ट कोणी मोठ्याने बोलत नाही. पण अम्मी फोन करून सांगते, "आज लवकर घरी ये." अब्बा मुलाला बजावतात, "मोबाईलवर काही फॉरवर्ड करू नकोस." मुलगी विचारते, "उद्या कॉलेजला हिजाब घालून जाऊ ना?"

मुलीच्या या प्रश्नाचे उत्तर कायद्यात शोधायला हवे. संघर्षाच्या काळात सरकारला जादा अधिकार लागतात, हे मान्यच आहे. लोकांचे प्राण वाचवणे हे सरकारचे पहिले काम. पण ते अधिकार कुठे थांबतात? ज्याने काही केलेले नाही, त्याच्या नमाजीपर्यंत, कपड्यांपर्यंत, कबरीपर्यंत ते पोहोचू शकतात का? हे समजून घेण्यासाठी शेजारच्या श्रीलंकेकडे पाहू. तिथे अवघ्या पाच वर्षांत ही सगळी गोष्ट सुरुवातीपासून सरकारच्या माफीपर्यंत घडून गेली.

श्रीलंकेत मुस्लिमांची संख्या दहा टक्क्यांच्या आसपास आहे. बहुतेकांची भाषा तमिळ. १९८३ ते २००९ या काळात सरकार आणि तमिळ बंडखोर यांच्यात युद्ध चालले, तेव्हा हा समाज दोन्ही बाजूंच्या मध्ये सापडला. ऑगस्ट १९९० मध्ये काथानकुडी येथील मशिदींत नमाज पढत असलेल्या शंभराहून अधिक लोकांना बंडखोरांनी गोळ्या घातल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उत्तर प्रांतातील सुमारे ७५ हजार मुस्लिमांना त्यांनी घरेदारे सोडायला लावली. दहशत म्हणजे काय, हे या समाजाला कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

मग आला २१ एप्रिल २०१९, ईस्टरचा रविवार. तीन चर्च आणि कोलंबोतील तीन मोठी हॉटेले यांवर आत्मघाती हल्ले झाले. प्रार्थनेला आलेली कुटुंबे, लहान मुले, परदेशी पाहुणे असे अडीचशेहून अधिक लोक मारले गेले. हल्लेखोर स्थानिक मुस्लिम होते. त्यांनी जे केले त्याला कोणतीही सबब नाही. तिथल्या उलेमांच्या संघटनेने तर या हल्लेखोरांच्या मय्यती स्वीकारणार नाही, असे जाहीर केले.

आता पुढचा मुद्दा नीट पाहा. हे हल्ले कायदा अपुरा होता म्हणून झाले का? भारतीय गुप्तचर यंत्रणेने हल्ल्याच्या दोन आठवडे आधीच श्रीलंकेला इशारा दिला होता. तो कागद वरच्या कचेऱ्यांत फिरत राहिला आणि चर्चच्या दारावर पहारा लागला नाही. जानेवारी २०२३ मध्ये श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने माजी राष्ट्राध्यक्ष मैत्रीपाल सिरिसेना आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांना या निष्काळजीपणाबद्दल जबाबदार धरले. सिरिसेना यांना स्वतःच्या खिशातून दहा कोटी श्रीलंकन रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. म्हणजे कमी पडली ती हातात आलेल्या माहितीवरची कारवाई. पण हल्ल्यानंतर जे नियम निघाले, ते मात्र कपाटांतल्या कपड्यांपर्यंत गेले.

हल्ल्यानंतर लगेच १९४७ च्या सार्वजनिक सुरक्षा कायद्याखाली आणीबाणी लागू झाली. ती महिन्या-महिन्याने वाढत चार महिने चालली. २९ एप्रिलला नियम निघाला, की ओळख पटण्यात अडथळा येईल अशा रीतीने सार्वजनिक ठिकाणी पूर्ण चेहरा झाकू नये. नियमात नकाब, बुरखा किंवा मुस्लिम असा शब्दही नव्हता. उलेमांच्या संघटनेने त्याआधीच भगिनींना चेहरा न झाकण्याचे आवाहन केले होते. शोकाच्या त्या दिवसांत समाजाने सहकार्याचा हात आपणहून पुढे केला होता.

पण नियम जिथे संपला, तिथून लोकांनी तो पुढे ओढला. बंदी चेहरा झाकण्यावर होती. तरी केस झाकणाऱ्या हिजाबवरून आणि अंगभर अबायावरून स्त्रियांना इस्पितळे, शाळा, सरकारी कचेऱ्या यांच्या दारांत अडवले गेले. मे महिन्याच्या अखेरीस सरकारी कचेऱ्यांतील स्त्रियांनी साडीच नेसावी, असे परिपत्रक निघाले आणि विरोध झाल्यावर सरकारला ते बदलावे लागले. एका मुस्लिम स्त्रीच्या कपड्यावर जहाजाच्या सुकाणूच्या चाकाचे चित्र होते. ते बौद्धांचे धर्मचक्र समजून तिला अटक झाली आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ तिला कोठडीत काढावा लागला. अटकेसाठी वापरला गेला तो कायदा नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या नावाने केलेला होता! माणसाच्या हक्कांसाठी केलेला कायदा, आणि कोठडीत कोण, तर एक गरीब बाई.

कुरुनेगला येथील एका मुस्लिम डॉक्टरवर हजारो सिंहली स्त्रियांची गुपचूप नसबंदी केल्याचा आरोप छापून आला. डॉक्टर तुरुंगात गेले. तपासात आरोपाला पुरावा मिळाला नाही. १३ मे रोजी कुरुनेगला, पुत्तलम आणि गम्पहा जिल्ह्यांत मशिदी, घरे आणि दुकाने जाळली गेली, एका मुस्लिम कामगाराला ठार मारले गेले. हे सगळे आणीबाणी आणि संचारबंदी चालू असताना घडले. निरपराधांवर बंधन घालायला जो कायदा तत्पर होता, तो त्यांच्या घराचे रक्षण करायला वेळेवर पोहोचला नाही. ३ जूनला सर्व नऊ मुस्लिम मंत्र्यांनी एकत्र राजीनामे दिले.

ऑगस्टमध्ये आणीबाणी संपली आणि तिच्याबरोबर चेहऱ्यावरची बंदीही गेली. पण दुसरा एक कायदा उभाच होता. त्याचे पूर्ण नाव 'दहशतवाद प्रतिबंध (तात्पुरत्या तरतुदी) कायदा'. तो १९७९ मध्ये तीन वर्षांसाठी केला गेला आणि १९८२ मध्ये कायमचा करण्यात आला. नावातला 'तात्पुरत्या' हा शब्द मात्र कोणी काढला नाही. पुढची तीन दशके त्याचा मारा मुख्यतः तमिळ तरुणांवर झाला. आरोपपत्राशिवाय महिनोन्‌महिने कोठडी आणि पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालणे, ही त्याची हत्यारे. २०१९ नंतर तीच हत्यारे मुस्लिमांकडे वळली. हिजाझ हिजबुल्लाह हे वकील एप्रिल २०२० मध्ये पकडले गेले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये जामिनावर सुटले. अहनाफ जझीम या तरुण शिक्षकाला मे २०२० मध्ये त्याच्या तमिळ कवितासंग्रहावरून पकडले. पकडणाऱ्यांना कविता कळल्या नव्हत्या. त्यांत हिंसेचा पुरस्कार तर नव्हताच, उलट विरोध होता. दीड वर्षाने जामीन मिळाला आणि डिसेंबर २०२३ मध्ये तो निर्दोष सुटला.

शेजाऱ्यासाठी कडक कायदा होत असताना 'आपला काय संबंध' म्हणून गप्प बसणाऱ्यांनी ही तारीखवार गोष्ट लक्षात ठेवावी. तमिळांसाठी तीन वर्षांपुरता केलेला कायदा चाळीस वर्षांनी मुस्लिम कवीच्या दारात उभा राहिला.

एकदा एखाद्या समाजाकडे संशयाने पाहायची सवय लागली, की पुढच्या संकटात ती आपोआप वापरली जाते. २०२० मध्ये कोरोना आला. जागतिक आरोग्य संघटनेने दफन आणि दहन दोन्ही चालतात असे सांगितले होते. तरी श्रीलंकेने एप्रिल २०२० मध्ये कोरोनाने मेलेल्या प्रत्येकाचे दहन सक्तीचे केले. भूजल दूषित होईल असे कारण दिले गेले. नियम १८९७ च्या साथरोग कायद्याखाली काढला होता. आपल्याकडेही मुंबई-पुण्याच्या प्लेगमध्ये इंग्रजांनी साथरोग कायदा केला तो त्याच वर्षी. या नियमातही कोणत्याच धर्माचे नाव नव्हते. पण ज्या घरात गुस्ल, कफन, जनाजा आणि कबर हा मय्यतीचा शेवटचा हक्क मानला जातो, त्या घरावर तो कसा कोसळला असेल, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. पावणेतीनशेच्या आसपास मुस्लिमांच्या मय्यती जाळल्या गेल्या. त्यांत वीस दिवसांचे एक बाळही होते. आईबापांनी संमती दिली नव्हती.

दाद मागायला लोक सर्वोच्च न्यायालयात गेले. अर्जदारांत मुस्लिमांबरोबर ख्रिस्तीही होते. १ डिसेंबर २०२० रोजी न्यायालयाने कारण न देता अर्ज फेटाळले. त्यानंतर कोलंबोतील बोरेल्ला स्मशानभूमीच्या कुंपणाला वेगवेगळ्या धर्मांच्या लोकांनी कफनाची खूण म्हणून पांढऱ्या कापडाचे तुकडे बांधले. ना दगड, ना घोषणा. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी निषेध केला, मुस्लिम देशांनी विषय लावून धरला. अखेर फेब्रुवारी २०२१ च्या शेवटी दफनाला परवानगी मिळाली, तीही राजधानीपासून दूर पूर्वेकडील ओट्टमावडी या एकाच ठिकाणी. जुलै २०२४ मध्ये श्रीलंकेच्या मंत्रिमंडळाने सक्तीच्या दहनाबद्दल माफी मागितली. माफी चांगलीच. पण राख झालेल्या मय्यतीला कबर कोण परत देणार?

मग कायदा काय म्हणतो? नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार १९६६ चा. भारताने तो १९७९ मध्ये आणि श्रीलंकेने १९८० मध्ये स्वीकारला. त्याच्या चौथ्या कलमानुसार राष्ट्राच्या अस्तित्वावरच संकट आले, तर सरकार काही हक्क तेवढ्यापुरते बाजूला ठेवू शकते. पण परिस्थितीला लागेल तेवढेच, आणि केवळ वंश, रंग, लिंग, भाषा, धर्म वा सामाजिक मूळ यांवरून भेदभाव न करता. काही हक्क असे आहेत, की त्यांना आणीबाणीतही हात लावता येत नाही. त्यांत जगण्याचा हक्क आहे, छळ न होण्याचा आहे आणि कलम १८ मधील विचार, विवेक व धर्माचे स्वातंत्र्यही आहे.

इथे एक बारकावा आहे. मनातल्या श्रद्धेवर कोणतेही बंधन चालत नाही. पण श्रद्धेच्या बाहेरच्या आचरणावर, म्हणजे मिरवणूक, पोशाख, सभा यांवर, सार्वजनिक सुरक्षितता, सुव्यवस्था, आरोग्य, नीतिमत्ता आणि इतरांचे मूलभूत हक्क यांसाठी कायद्याने आवश्यक तेवढे बंधन घालता येते. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने १९९३ मध्ये स्पष्ट केले, की 'राष्ट्रीय सुरक्षा' हे कारण या यादीत नाही. म्हणून तपासणी नाक्यावर चेहरा दाखवा, हे सांगणे योग्य. स्त्री पोलिसासमोर नकाब वर करायला कोणत्याही भगिनीला अडचण नसावी. पण त्यावरून रुग्णालयाच्या दारात डोक्यावरची ओढणी काढायला लावणे, हे सुरक्षेचे काम नाही.

आपल्या राज्यघटनेचे कलम २५ प्रत्येकाला धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य देते. आणीबाणीत कलम ३५९ खाली मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात जाण्याचा मार्ग स्थगित करता येतो. १९७५ मध्ये तो केला गेला होता. त्याच वर्षी जुलैमध्ये जमाअत-ए-इस्लामी हिंद आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघ या दोन्हींवर एकाच वेळी बंदी आली. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने सांगितले, की बेकायदा अटकेविरुद्धही दाद मागता येणार नाही. एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना विरोधात उभे राहिले. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने धडा घेतला आणि कलम २० व २१ आणीबाणीतही स्थगित होणार नाहीत असे ठरले. कलम २५ मात्र या संरक्षणात नाही. आंतरराष्ट्रीय करार जो हक्क अबाधित मानतो, त्याला आपल्या घटनेच्या या तरतुदीत तेवढे कवच नाही. कायद्याचा अभ्यास करणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हा विषय हाती घ्यावा.

मुदतीच्या कायद्याचे उदाहरण आपल्याकडेही आहे. 'टाडा' १९८५ मध्ये दोन वर्षांसाठी आला आणि वाढत वाढत दहा वर्षे चालला. गैरवापराच्या तक्रारी इतक्या झाल्या, की राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने त्याला मुदतवाढ देऊ नये अशी भूमिका घेतली. मे १९९५ मध्ये तो संपला. आधी दाखल झालेले खटले मात्र चालूच राहिले. कायदा संपला तरी त्याच्याखाली अडकलेल्या माणसाचा फेरा संपत नाही.

हे सगळे आपण केवळ 'आमच्यावर अन्याय झाला' म्हणून वाचले तर ते अर्धेच वाचन ठरेल. सत्ता मुस्लिमांच्या हाती असतानाही असेच घडले आहे. मे १९४८ मध्ये पॅलेस्टाईनचे युद्ध सुरू झाले, तेव्हा इराकमध्ये लष्करी कायदा लागू झाला. शतकानुशतके तिथे राहणाऱ्या ज्यू नागरिकांना सरकारी नोकऱ्यांतून काढले गेले. शफीक अदेस या ज्यू व्यापाऱ्याला लष्करी न्यायालयाने फाशी सुनावली आणि सप्टेंबरमध्ये बसरा येथे ती अमलात आली. १९५१ पर्यंत एक लाखाहून अधिक ज्यू इराक सोडून गेले. बगदादच्या ज्यूला दूरच्या युद्धासाठी जबाबदार धरणे आणि कोलंबोच्या मुस्लिमाला झहरान हाशिमसाठी जबाबदार धरणे, ही एकाच अन्यायाची दोन रूपे आहेत.

आपल्या दीनची शिकवण याबाबत स्पष्ट आहे. एकाच्या गुन्ह्याचे ओझे दुसऱ्यावर टाकता येत नाही आणि एखाद्या समाजाशी शत्रुत्व असले तरी न्याय सोडता येत नाही, अशी कुरआनची ताकीद आहे. हजरत अबू बकर सिद्दीक (रजि.) यांनी शामकडे फौज पाठवताना सेनापतीला ज्या सूचना दिल्या, त्यांत स्त्रिया, मुले आणि वृद्धांना मारू नये, फळझाडे तोडू नयेत आणि मठांत इबादतीला वाहून घेतलेल्या राहिबांना त्यांच्या हालावर सोडावे, असे होते. युद्ध चालू होते, समोरचा पक्ष त्याच धर्माचा होता. तरी दुसऱ्याच्या प्रार्थनास्थळापाशी तलवार थांबवली गेली.

मग अशा वेळी घरात काय करावे? कोणताही आणीबाणीचा आदेश निघाला, की घाबरण्याआधी त्याला पाच प्रश्न विचारावेत. हा आदेश कोणी आणि कोणत्या कायद्याखाली काढला? तो कधी संपणार, तारीख लिहिली आहे का? तो माणसाच्या कृत्याबद्दल बोलतो की त्याच्या ओळखीबद्दल? शब्द सर्वांसाठी असले तरी त्याचा भार नेमका कोणावर पडतो? आणि त्याविरुद्ध दाद कुठे मागायची?

मूळ आदेश मिळवून वाचावा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला सारांश म्हणजे आदेश नव्हे. श्रीलंकेत स्त्रियांना अडवले गेले ते बहुतेक वेळा नियमात नसलेल्या गोष्टीसाठी. दारात कोणी अडवले तर हुज्जत न घालता शांतपणे विचारावे, "हे कोणत्या नियमात आहे? लेखी द्याल का?" तारीख, वेळ, ठिकाण घरी येऊन वहीत लिहून ठेवावे. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रियांना आणि कोठडीत असलेल्या व्यक्तीला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. आपल्या मोहल्ल्यात हिंसेची भाषा बोलणारा कोणी असेल तर त्याला आधीच रोखावे, गरज पडल्यास पोलिसांना कळवावे. तेही आपलेच कर्तव्य आहे.

आणि दुसऱ्या समाजावर असा आदेश येईल, तेव्हा त्यांच्या बाजूने बोलावे. बोरेल्लाच्या कुंपणाला कापड बांधायला गेलेल्यांत अनेक जण असे होते, ज्यांच्या घरात कोणाला दफन करायचे नव्हते.

सुरुवातीच्या त्या मुलीला उत्तर द्यायचे तर ते असे: "हो बेटा, घालून जा. कुठे तपासणी झाली तर चेहरा दाखव, ओळखपत्र दाखव. डोक्यावरची ओढणी काढायला सांगितली तर नियम विचार, आणि संध्याकाळी घरी येऊन आम्हांला सगळे सांग." अल्लाह आपल्याला भीतीच्या काळातही न्यायाने वागण्याची आणि न्याय मागण्याची तौफीक देवो. आमीन.